हाताला गुण

हिंगोली,
दवाखान्यातून, दुपारी

प्रिय हनुमान,

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा सांगून टाकते, माय आहे. बरी नाही, पण आहे. ताप उतरलाय, सलाईन चालू आहे आणि मला शिव्या द्यायची ताकद तिच्यात परत आलीय. एवढं वाचलंस की दुकानातल्या स्टुलावर बस आणि पुढचं सावकाश वाच. गिऱ्हाईक आलं तर थांबव त्याला. मी एरवी फोनच केला असता, पण फोनवर तू "हो आक्का, हो आक्का" म्हणतोस, मधेच कुणाला तरी "जेवणानंतर घ्या" सांगतोस आणि "नंतर लावतो" म्हणून ठेवून देतोस. ते नंतर अजून आलेलं नाही. व्हॉट्सअॅपवर मोठं लिहिलं तर अंगठा पाठवून मोकळा होतोस. कागदाला तसा अंगठा दाखवता येत नाही, म्हणून हा कागद. माझ्या गाडीवरचा सुदाम ड्रायव्हर नांदेडला जाताना वारंग्याला गाडी थांबवून तो तुझ्या हातात देईल. दुकानातल्या पोरापाशी ठेवू नको, असं मी त्याला बजावलंय.

मी रजा टाकून इथंच बसलेय. दिवसभर एसटीत उभं राहून "पुढं सरका, पुढं सरका" ओरडायची सवय झालेली बाई मी, मला ह्या लोखंडी खुर्चीवर बसवत नाही. तुझे दाजी सकाळी चहा आणून देतात आणि डेपोतल्या बातम्या सांगतात. माय खिडकीजवळच्या कॉटवर आहे. शेजारच्या कॉटवर सेनगावकडच्या नानीबाई आहेत, त्यांच्या पायाची जखम भरत नाहीये. दोघी मिळून सिस्टरला नावं ठेवतात. बाहेर हळद शिजवायचे दिवस आहेत, त्यामुळं जो भेटायला येतो त्याच्या कपड्यांना तो वास असतो, आणि माय लगेच विचारते की आपल्याकडं कुणाची कढई आली, बानं शेळ्या कुणाकडं लावल्या. म्हणजे डोकं ठिकाणावर आहे तिचं. बाकीचं शरीर नाही.

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते मी तुला फोनवर सांगायला गेले होते, तू अर्धंच ऐकलंस. लघवीतला जंतू किडनीपर्यंत गेला आणि तिथून रक्तात उतरला. असा जंतू मारायची जी नेहमीची औषधं आहेत त्यातलं एकही मायच्या जंतूला लागू पडत नाही. एकच इंजेक्शन उरलंय. तेही शिरेतून द्यायचं, वेळच्या वेळी, आणि ठरलेले दिवस भरेपर्यंत. मधेच थांबलं आणि जंतूनं पुन्हा डोकं वर काढलं, तर देण्यासारखं त्यांच्याकडं काही नाही. हे त्या इतक्या साध्या आवाजात बोलल्या की माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी म्हटलं, मग ह्याहून जोराचं असेल ते द्या की. त्या म्हणाल्या, "हेच ते जोराचं."

मग त्यांनी मला मोबाईलवर एक फोटो दाखवला. मायची लघवी नांदेडला तपासायला गेली होती. तिथं काचेच्या बशीत तो जंतू वाढवतात आणि त्यावर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतात. खुंट्याला बांधलेली शेळी दोरी पुरेल तेवढं गवत खाते आणि भोवती गोल मोकळं पडतं ना, तसं जे औषध लागू पडतं त्याच्या टिकलीभोवती रिंगण पडतं. मायच्या बशीत टिकल्या पुष्कळ होत्या, पण जंतू अगदी त्यांच्या कडेला चिकटून मजेत वाढलेला. एका टिकलीभोवती तेवढं रिंगण होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाची सवय माणसाला होत नाही, जंतूला होते. अर्धवट औषध दिलं की लेचेपेचे मरतात, तगडे उरतात आणि पुढची सगळी पैदास त्या तगड्यांची. तू हे डी.फार्मला शिकला असशील. परीक्षेत लिहिलंही असशील, तुला गुण चांगलेच पडायचे.

त्या गुणांनी काही बिघडलं नाही. बिघडवलं ते दुसऱ्या गुणानं, आणि तो तुला मायनं दिला. आठवतं का, तू अजून शाळेतही जात नव्हतास. पौषातली थंडी होती. आपल्या काळ्या शेळीला दोन करडं झाली आणि त्यातलं एक उठेचना. मान टाकलेली, पोट आत गेलेलं. बा म्हणाला, "ह्याचं काय खरं न्हाई." तू ते उचललंस, बाच्या घोंगडीत घेतलंस आणि चुलीशेजारी त्याला कवटाळून पडलास. सकाळी उठून बघतो तर करडू चारी पायांवर उभं आणि तुझा सदरा चघळतंय. माय शेणाची पाटी घेऊन बाहेर निघाली होती, ती तिथंच खाली ठेवली आणि म्हणाली, "माह्या हनुमानच्या हाताला गुण हाय." दुपारपर्यंत सगळ्या वाड्यावस्त्यांना कळलं. बा आपला चिलीम ओढत सांगत राहिला की करडू आपलं आपण उठलं, जरा ऊब लागली त्याला. पण बाचं आपल्या घरात कधी कुणी ऐकलंय? मी तुला बाजूला घेऊन विचारलं, काय केलंस रे तू. तर तू डोळे चोळत म्हणालास, "म्या तर झोपलो व्हतो."

त्यानंतर कुणाचं वासरू फुगलं, कुणाचं लेकरू रडायचं थांबेना, की माय तुला काखेत मारून घेऊन जायची. तू हात लावायचास आणि गूळ खाऊन यायचास. तू फार्मसीला गेलास तेव्हा तिनं गावात सांगितलं की पोरगं डॉक्टर झालं. मी तिला म्हटलं, माय, डॉक्टर वेगळा आणि औषध विकणारा वेगळा. ती म्हणाली, "जो गोळी देतो तो डॉक्टर, आन् माह्या पोराच्या गोळीनं गुण येतो, तू काहून जळतीस?" मग वारंगा फाट्यावर तुझं दुकान झालं. माझ्याच गाडीत मी ऐकायचे, औंढ्याकडची माणसं एकमेकांना सांगायची, कळमनुरीला डॉक्टरच्या रांगेत काहून बसता, फाट्यावर उतरा, हनुमान मेडिकलवाला एका गोळीत ताप उतरवतो, हाताला गुण हाय त्याच्या. मी मशीनमधून वारंग्याचं तिकीट काढून द्यायचे आणि मला बरंच वाटायचं. माझा भाऊ आहे तो, असं एखादीला सांगायचेही.

पण आता इथं बसल्या बसल्या मी विचार करते की ते सगळे ताप कसले होते रे? पाऊस बदलला की येणारं पडसं, दोनचार दिवस घसा धरणं, अंग मोडून येणं. डॉक्टरीणबाई म्हणतात, ह्यातले बहुतेक ताप त्या गोळीनं जातच नाहीत, ते आपल्या पायानं येतात आणि आपल्या पायानं जातात. म्हणजे करडं आपली आपण उठत राहिली आणि नाव तुझ्या हाताचं झालं. आणि त्या नावासाठी तू कात्रीनं पट्ट्या कापत राहिलास. दोन टायमाच्या द्या म्हटलं की दोन टायमाच्या. चार द्या म्हटलं की चार. कुणाला पूर्ण घ्या म्हणालास का? कुणाला, बाबा रे, तुला ह्याची गरजच नाही, गरम पाणी पी, असं सांगून परत पाठवलंस का? तुझी दिपा मला मागं बोलून गेली की छकुलीला सर्दी झाली की हे तिला काही देत नाहीत, नुसता वाफारा आणि हळदीचं दूध. तेव्हा मी हसले होते. आता मला त्याचा राग येतो. म्हणजे तुला माहीत होतं. स्वतःच्या लेकराच्या वेळी तुला सगळं नीट माहीत होतं.

मायची तर वेगळीच तऱ्हा. तिच्या कमरेची चंची तुला माहीत आहे. सुपारी, कात, चुन्याची डबी, पुडीत बांधलेला नागनाथाचा अंगारा, आणि त्याच्याच शेजारच्या कप्प्यात तुझ्या गोळ्या. तिच्या लेखी दोन्ही एकाच जातीचे. अंगारा कसा, चिमूटभर कपाळाला लावला तरी लागतो आणि उरलेला जपून ठेवायचा, कुणाला अडीनडीला द्यायचा, एकट्यानं संपवायचा नाही. तसंच तिनं तुझ्या गोळ्यांचं केलं. बरं वाटलं की बाकीच्या चंचीत. सरकारनं बायकांना एसटीत अर्धं तिकीट केलं, मायनं गोळ्यांना त्याच्या कितीतरी आधी केलं होतं. शेजारच्या आशाबाईच्या नातवाला हगवण लागली, मायनं लाल-काळी कॅप्सूल उघडली, चिमूटभर भुकटी मधात कालवून चाटवली आणि बाकीची पुन्हा टोपण लावून ठेवून दिली. शेळी खोकली, भाकरीच्या गोळ्यातून अर्धी गोळी शेळीला. तिच्या मनात पाप नव्हतं. देवाचं आणि लेकाचं वाटून घ्यावं, एवढंच तिला ठाऊक. पण हे तुला ठाऊक होतं, हनुमान. तू हसून सगळ्यांना सांगायचास की माय म्हणजे आमच्या दुकानाची गावातली शाखा.

तिला उन्हाळी लागायला लागली त्याला बरेच दिवस झाले. लघवीला आग, थेंब थेंब, कंबर धरून बसणं. बाईमाणूस, सांगणार कुणाला, तुला सांगायची तीही आडून आडून. तू येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती गोळ्या पाठवायचास. दोन घेतल्या की आग थांबायची, उरलेल्या चंचीत जायच्या, काही दिवसांनी पुन्हा तेच. मग तू म्हणायचास, ह्या वेळी जरा जोराची देतो. मग त्याहून जोराची. एकदाही म्हणाला नाहीस की माय, हिंगोलीला चल, लघवी तपासू, हे पुन्हा पुन्हा का होतंय ते बघू. मी म्हटलं होतं तुला, रक्षाबंधनाला. तू म्हणालास, आक्का, तू तिकिटं फाड, औषधाचं मला कळतं. मीही राखी बांधायला आले होते, भांडायला नाही, म्हणून गप्प बसले.

परवा बा इथं येऊन गेला, त्याचं निराळंच गाऱ्हाणं. बा म्हणतोय, शेळ्यांनाही आता ते औषध लागत नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी एकदा दिलेली बाटली त्यानं आढ्याला टांगून ठेवलीय, सिरिंज तुझ्या दुकानची, हगवण लागली की बा आपणच टोचतो. ह्या खेपेला करडं गेली तरी हगवण थांबली नाही. बा म्हणाला, "औषधात आता पैल्यासारखा दम न्हाई राहिला, समदी भेसळ." इथं वॉर्डात पण सगळे हेच म्हणतात, पूर्वीची औषधं चांगली होती. औषध तेच आहे, बदललाय तो जंतू, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मी बाला समजवायला गेले, तर तो माझ्याकडं असं बघत राहिला की जणू मी गाडीत बिनतिकिटाची बसलेय. मग म्हणाला, "हे हनुमानला माहीत नसंल व्हय?"

आणि तू काय केलंस तेही लिहिते. मायला आणलं त्या दिवशी तू आलास. ती तापात बरळत होती आणि तुझंच नाव घेत होती. डॉक्टरीणबाईंनी तुला सरळ विचारलं की आधी कोणकोणत्या गोळ्या झाल्यात, नावं सांगा, आम्हाला निवडायला सोपं जाईल. तू म्हणालास, साध्याच, तापाच्या. मी तुझ्या शेजारी उभी होते. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. दुकान उघडं टाकून आलोय म्हणालास आणि गेलास, तो गेलासच. मला गावी जाऊन मायच्या उशाखालच्या, फडताळातल्या रिकाम्या पट्ट्या गोळा करून आणाव्या लागल्या. डॉक्टरीणबाईंनी त्या टेबलावर पसरल्या आणि एकेक उलटून नावं लिहून घेतली. मग त्यांनी विचारलं, घरात कुणी मेडिकलवालं आहे का? मी हो म्हटलं.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. मी नाही दिली तर पुढच्या दुकानातून घेतील. लोकच मागतात. गावोगावचे डॉक्टर शिंक आली तरी सुई मारतात, त्यांना कोण विचारतं. खरं आहे सगळं. कोंबड्यांच्या शेडमध्ये खाद्यातून पोत्यानं औषध जातं, तेही खरं आहे. सगळं मिळून हे झालंय, एकट्या तुझ्यानं झालेलं नाही, आणि मी ते एकट्या तुझ्या डोक्यावर टाकतही नाही. पण त्यातल्या कुणाचीच माय ह्या कॉटवर नाही. तुझी आहे. मला त्या सगळ्यांचा राग येऊन उपयोग काय, त्यांना मी पत्र लिहू शकत नाही.

काल तर कहर झाला. मी खाली औषध आणायला गेले आणि वर येते तो मायनं हाताची सुई उपसून टाकलेली, चादरीवर रक्त, सिस्टर ओरडतेय आणि माय शांतपणे पाणी पितेय. तोंडात काहीतरी होतं. मी जबडा धरला, करडाचा धरतो तसा, आणि आत बोट घातलं. तुझी पांढरी लांबट गोळी. चंची उलटी केली तर पट्टी निघाली. पट्टीतली अजून एक गोळी कमी होती. ती तिनं नानीबाईंना दिली होती, पायाच्या जखमेला गुण येईल म्हणून. नानीबाईंनी बिचारीनं घेऊन टाकलीही. मग उलगडा झाला. मायनं नानीबाईंच्या लेकीच्या फोनवरून तुला लावला होता, आणि तू दिपाच्या डब्यात, भाकरीच्या फडक्याच्या घडीत पट्टी घालून सुदामच्या हाती पाठवलीस. सुदामला काही माहीत नाही, तो बिचारा मायला डबा पोचवल्याच्या आनंदात आहे. हनुमान, मी तुझ्यापेक्षा मोठी आहे आणि मी तुला लहानपणी कडेवर घेऊन हिंडलेय, म्हणून विचारते, तुला झालंय काय? इथं तिच्या शिरेत शेवटचं औषध चाललंय आणि तू तिला भाकरीत गुंडाळून तेच पाठवतोस जे तिला लागू पडत नाही? पट्टी ह्या पाकिटात परत पाठवतेय. बघ तिच्याकडं.

मी रात्रभर चिडत होते, सकाळी मात्र मला वाटलं की तू ती फसवायला पाठवली नसशील. तिनं मागितली आणि तुला नाही म्हणता आलं नाही. तुला कुणालाच कधी नाही म्हणता आलं नाही, गिऱ्हाइकालाही नाही आणि तिलाही नाही. तिनं लहानपणीच तुझ्या हाताला गुण लावून दिला आणि तू जन्मभर तो खरा करत बसलास. मला तुझी दया येते म्हणून राग कमी झालाय, असं मात्र समजू नको.

सुई पुन्हा लावायला शीर सापडता सापडेना. दोन्ही हात काळेनिळे झालेत. मी तिला माझ्या परीनं समजावलं. म्हटलं, माय, आपण नांदेडचं तिकीट काढलंय, निम्म्या वाटेत वारंग्याला उतरून कसं चालंल? तर म्हणाली, "मला वारंग्यालाच उतरायचंय. तिथं माहा हनुमान हाय." नानीबाई हसल्या, सिस्टरही हसली. मला हसू आलं नाही. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले आणि रडले, आता सांगायला काय लाज.

आता हे सगळं लिहिलं कशासाठी ते सांगते. तुझ्याकडून माफी नको, आणि तुझं दुकान बंद पडावं असंही मला वाटत नाही. मायनं उद्या सकाळी इथून निघायचं ठरवलंय. बाला फोन करून बोलावलंय, लुगडी बोचक्यात बांधलीत, आपल्या जबाबदारीवर जातो अशा कागदावर अंगठा द्यायला ती तयार आहे. ह्या नळ्यांनी तकलीफच वाढली, हनुमानच्या हातची एक गोळी घेतली की उठते, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता नेलीत तर पुन्हा आणू नका, आणूनही उपयोग होणार नाही. माझं ती ऐकत नाही, तुझ्या दाजींचं नाही, बाचं तर नाहीच. ती फक्त तुझं ऐकते. म्हणून संध्याकाळी सुदाम नांदेडहून परत येईल त्या गाडीत बस, मी त्याला तुझ्यासाठी जागा धरायला सांगितलीय. डबा आणू नको, पिशवी आणू नको, मोकळ्या हातानं ये. आणि तिच्यापाशी बसून तुझ्या तोंडानं सांग, "माय, माह्या हाताला गुण न्हाई. तू ही सुई लावू दे." तुला ते फार जड जाईल हे मला कळतं, आणि तिला त्याहून जड जाईल. ती विश्वास ठेवणार नाही. ती करडाचं काढेल. तेव्हा तिला ते सांग जे त्या सकाळी तू मला सांगितलं होतंस. तू त्या करडाला काहीच दिलं नव्हतंस, नुसता त्याच्याजवळ झोपला होतास. तेवढं तुला अजूनही करता येईल. मायच्या कॉटखाली मी चटई टाकून ठेवलीय.

रागावलेली, पण तुझीच,
आक्का